तळटीप ७ : बलू

७. बलू – मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाने (सारंग कुलकर्णी व सहकारी) २०१५-१६ च्या सुमारास खुल्या परवान्याखाली दिलेला जाड, गोलसर शीर्षकटंक. नाव ‘जंगल बुक’मधल्या अस्वलाचे. रेघांची टोके बोथट, कोपरे वळणदार. ‘पॉपिन्स’ या टंकात वर्तुळ आणि सरळ रेघ यांची कडक भौमितिक शिस्त आहे. बलूचा गोलवा त्यापेक्षा सैल आणि मायाळू. जाड देवनागरीत शिरोरेषाच बरीच जागा खाते. अशा वेळी ‘क्ष’, ‘ष्ट’ यांच्या पोटातली पोकळी बुजू न देणे हे खरे कसब. तरीही हा टंक पाटी, मुखपृष्ठ, बालपुस्तकाचे शीर्षक यांसाठीच. बारीक सलग मजकुराला तो मानवत नाही. पुढे आलेल्या ‘बलू २’मध्ये हलकी वजनेही आहेत.

गुजराती (‘बलू भाई’), गुरुमुखी (‘बलू पाजी’), बंगाली (‘बलू दा’) अशा अनेक लिपींत त्याची भावंडे एकाच घडणीची आहेत. घाटकोपर-मुलुंडच्या बाजारात मराठीशेजारी गुजराती आणि इंग्रजी नांदतात, तिथे हे फार मोलाचे. शिवाय २०२२ च्या राज्य कायदादुरुस्तीनुसार दुकानाच्या पाटीवरील देवनागरी अक्षर इतर लिपीतील अक्षरापेक्षा लहान चालत नाही. मूळ मजकुराच्या पुढच्या परिच्छेदातली बोरिवलीची १९८० च्या दशकातली पाटी मात्र या टंकातली असू शकत नाही. ती रंगाऱ्याच्या हातची.