भित्तिपत्रकांचे आयुष्य

ग्रंथ छापला जातो तो जपण्यासाठी. भित्तिपत्रकाच्या नशिबी मात्र पावसात भिजणे आणि नव्या कागदाखाली गाडले जाणे असते. त्यामुळे युद्धकाळात लाखांनी निघालेला कागद दोन पिढ्यांत दुर्मीळ होतो आणि त्या काळी सामान्य माणसाला काय सांगितले जात होते, याचा पुरावाही लोपतो.

१९३९ साली ब्रिटिश सरकारने जनतेला शांत राहून आपापले काम चालू ठेवण्यास सांगणाऱ्या एका भित्तिपत्रकाच्या सुमारे साडेचोवीस लाख प्रती छापल्या. त्या मोठ्या संकटासाठी राखून ठेवल्या होत्या. पण पुढे कागदाची टंचाई भासू लागली आणि १९४० मध्ये बहुतेक प्रतींचा लगदा झाला. सहा दशके त्यांचे कोणाला स्मरणही नव्हते. २००० साली उत्तर इंग्लंडमधील अ‍ॅल्निक येथे, जुन्या रेल्वे स्थानकात थाटलेल्या पुस्तकांच्या दुकानाच्या मालकाला लिलावात घेतलेल्या ग्रंथांच्या पेटीत एक प्रत सापडली. ती चौकटीत बसवून दुकानात लावली, तेव्हा गिऱ्हाइके तिची मागणी करू लागली. मग नकला निघाल्या. आता ते वाक्य चहाच्या कपांवरही दिसते. जे युद्धात भिंतीवर फारसे चढलेच नाही, तेच त्या युद्धाचे प्रतीक ठरावे, ही गंमतच म्हणायची! संग्राहकाने कागद छापला केव्हा एवढेच नोंदवून भागत नाही. तो लागला का, हेही पाहावे लागते.

हे काम युद्ध चालू असतानाच व्हावे. लंडनच्या युद्धसंग्रहालयास मार्च १९१७ मध्ये, म्हणजे पहिले महायुद्ध संपण्यापूर्वीच, मान्यता मिळाली. सप्टेंबर १९१४ मध्ये एका साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आलेल्या, बोट रोखलेल्या किचनर यांच्या चित्राचे आल्फ्रेड लीटकृत मूळ रेखाटन तेथेच आहे.

आपल्या शिपायांसंबंधीचा कागद मात्र विखुरला. जर्मनांच्या ताब्यातील हिंदी युद्धकैद्यांसाठी १९१५ पासून ‘हिंदोस्तान’ हे पत्र हिंदी व उर्दूत निघत असे. कुतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. त्यांच्या गावांत वाटलेली भरतीची आणि १९१७ च्या युद्धकर्जाची पत्रके कोणी जपली असतील? सभासदांच्या माळ्यावरील पेटीत असा एखादा कागद निघाला, तर त्यास गोंद वा चिकटपट्टी लावू नये आणि तो कोणत्या घरी, कोणत्या गावी होता, हे वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून सोबत ठेवावे.