सांडपाणी शुद्धीकरणातील जीवाणू : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

दूषित पाण्यातील जीवाणूच ते पाणी शुद्ध करू शकतात, हे विज्ञानाच्या उशिरा ध्यानी आले. या इतिहासात महाराष्ट्राचे स्थान जुने आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात 1897 मध्ये सांडपाण्याच्या टाक्यांतील वायूवर इंजिन चालविले गेले. हवेविना जगणाऱ्या जीवाणूंचे ते कार्य होते.

पुढे मँचेस्टर येथे गिल्बर्ट फाउलर व मम्फर्ड यांनी कोळसा खाणीच्या पाण्यातून मिळालेला 'एम-7' हा जीवाणू सांडपाण्यात सोडून पाहिला. सोबत लोहक्षारही द्यावा लागे. 1914 मध्ये आर्डर्न व लॉकेट यांनी मात्र निराळा मार्ग धरला. हवा दिलेल्या सांडपाण्याचा गाळ न फेकता त्यावरच त्यांनी नवे सांडपाणी घेतले. गाळ साचत गेला, तसा शुद्धीकरणाचा काळ आठवड्यांवरून तासांवर आला. एकट्या जीवाणूपेक्षा समुदाय सरस ठरला. 1916 मध्ये फाउलर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. नागपूरला या विषयाची राष्ट्रीय संस्था, आजची 'नीरी', 1958 मध्ये स्थापन झाली.

मुर्रीचा परिसर धानाचा. उसना तांदूळ करताना धान भिजविलेले पाणी लवकर आंबते. अशा पाण्यातून जीवाणू विलग करून त्यांची नावे ठरविणे, येथेच आपले बहुतेक विद्यार्थी-प्रकल्प थांबतात. प्रस्तुत लेखकाच्या मते हे 'एम-7'च्या टप्प्यावर थांबणे होय. विलग केलेला जीवाणू एका भांड्यात व त्याच पाण्याचा साचलेला गाळ दुसऱ्या भांड्यात घेऊन तुलना करावी. हवेचा छोटा पंप व ऑक्सिजन-मागणीची नेहमीची चाचणी यांवर हे महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही साधते.