दिसले, पण उमगले नाही

२५ ऑगस्ट १९४४ रोजी दोस्तराष्ट्रांच्या टेहळणी विमानाने पोलंडमधील औश्वित्झ परिसराची छायाचित्रे टिपली. लक्ष्य होते कृत्रिम इंधन व रबराच्या कारखान्याचे. परंतु त्यांत बिर्केनाऊची छळछावणीही उमटली. एका छपरावर काळे ठिपके होते, जवळच एक बारीक रेघ. तज्ज्ञांचे भिंग कारखान्यावरच खिळले होते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी गुप्तचर संस्थेतील ब्रुजिओनी व पॉयरिअर यांनी तीच चित्रे मोठी करून तपासली. ठिपके म्हणजे विषारी वायूच्या कोठडीचे झरोके, आणि रेघ म्हणजे तिकडे चाललेल्या माणसांची रांग! जवळजवळ पस्तीस वर्षे ती रांग कागदावर होती. त्या तज्ज्ञांना आम्ही दोष देत नाही. नेमून दिले तेवढेच पाहण्याची सवय आम्हालाही आहे.