कौल कोणाचा? संगीत नाटकांच्या चढाओढीचा इतिहास

एकाच हंगामांत दोन-तीन नवीं संगीत नाटकें रंगभूमीवर आलीं म्हणजे त्यांची तुलना करण्याचा मोह रसिकांस आवरत नाहीं. कोणाचीं पदें सरस, कोणाचा गळा अधिक तयारीचा, कोणाचें कथानक मध्येंच सैल पडलें, आणि अखेर मानाचें पारितोषिक कोणाच्या पदरीं पडणार, ही चर्चा नाटकाच्या आनंदाचाच एक भाग होय. न्यूयॉर्क शहरांतील ब्रॉडवे ह्या नाट्यपेठेंत ती दरसाल मोठ्या हिरिरीनें चालते. तेथें १९४७ सालापासून टोनी नांवाचीं पारितोषिकें दिलीं जातात, आणि कोणत्या नव्या संगीतिकेचा नामनिर्देश होईल ह्याविषयीं आधीं कित्येक आठवडे अंदाज बांधले जातात. परंतु असा अंदाज बरोबर ठरणें आणि नाटकाची खरी योग्यता ओळखणें ह्या दोन गोष्टी एकच आहेत काय? हा प्रश्न आपल्या मराठी रंगभूमीच्या इतिहासास विचारून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम ब्रॉडवेचेंच एक उदाहरण घेऊं. १९५७ सालच्या सप्टेंबरांत ‘वेस्ट साइड स्टोरी’ व त्याच सालच्या डिसेंबरांत ‘द म्यूझिक मॅन’ अशा दोन संगीतिका तेथें आल्या. पहिलींत शेक्सपिअरच्या रोमिओ-ज्यूलिएटची शोककथा न्यूयॉर्कच्या गल्ल्यांतील तरुण टोळ्यांवर बसविलेली होती. दुसरींत एका लहान गांवीं येऊन बँडचीं वाद्यें खपविणाऱ्या गोडबोल्या ठकाची हंसरी गोष्ट होती. १९५८ सालीं उत्कृष्ट संगीतिकेचें पारितोषिक दुसरीला मिळालें. ती वाईट होती असें मुळींच नाहीं. परंतु आज जगांत कोठेंही ह्या कलाप्रकाराचा विषय निघाला कीं पहिलीचें नांव आधीं ओठांवर येतें. परीक्षकांस दोष देण्याचें कारण नाहीं. त्यांनीं त्या सालचें मत दिलें. काळानें आपलें मत सावकाश दिलें.

आम्ही हा विचार करतों तो सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यांतील केम गांवाहून. केमची ओळख महाराष्ट्रांतील गृहिणींस कुंकवामुळें आहे. नाट्यगृहाबद्दल ह्या गांवाची ख्याति नाहीं. तथापि संगीत नाटकाच्या इतिहासाकडे पाहण्यास हें स्थान सोयीचें आहे, तें आगगाडीमुळें. डिकसळपासून बार्शी रोडपर्यंतचा, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंतचा, लोहमार्ग १८५९ सालीं खुला झाला. केम ह्याच टप्प्यावर आहे. पुढच्याच सालीं गाडी सोलापुरास पोहोंचली, आणि १८७७ नंतर गिरण्यांच्या योगानें तें शहर वाढीस लागलें. नाटकमंडळीचा संसार मोठा असे. नट, साथीदार, आचारी, पडदे, पोशाखांच्या पेट्या, हा सारा लवाजमा घेऊन गांवोगांव हिंडावयाचें तर आगगाडीवांचून गत्यंतर नव्हतें. पुण्याहून सोलापुरास गाडीनें जाणाऱ्या मंडळीस केमवरूनच जावें लागे. मुंबई-पुण्यांतील पहिला प्रयोग हा नाटकाचा जन्म. परंतु त्याचें आयुष्य किती, हें अशा मार्गावरील मुक्कामांत ठरे. रात्रीचें उत्पन्न हा एक कौल, श्रोत्यांनीं मागितलेला ‘वन्समोर’ हा दुसरा, आणि मंडळी गेल्यावर गांवांत मागें राहिलेलें पद हा तिसरा. ह्या तिसऱ्या कौलास आम्ही सर्वांत अधिक मान देतों.

१८८० सालच्या ३१ ऑक्टोबर रोजीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं पुण्यांत ‘शाकुंतला’च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग केला. तत्पूर्वींच्या पौराणिक खेळांत गाण्याचा भार बहुतांशीं सूत्रधारावर असे. किर्लोस्करांनीं पदें पात्रांच्याच तोंडीं घातलीं, आणि साकी, दिंडी, कामदा अशा घरोघरच्या चालींना रंगभूमीवर प्रतिष्ठा दिली. दोनच वर्षांनीं, १८८२ सालच्या नोव्हेंबरांत, त्यांचें ‘सौभद्र’ आलें. ह्या दोन नाटकांस एका पंक्तींत बसवून पारितोषिक द्यावयाचें असतें, तर परीक्षकांचें मत कोणाकडे झुकलें असतें? आमच्या समजुतीप्रमाणें ‘शाकुंतला’कडे. त्याच्यामागें कालिदासाचें नांव होतें, आणि नव्या वाटेनें पहिलें पाऊल टाकल्याचा मान होता. ‘सौभद्रा’ची कथा महाभारतांतील असली तरी तिची मांडणी अगदीं घरगुती. त्यांतील कृष्ण आणि बलराम मराठी घरांतील दोन भावांप्रमाणें वागतात; रुक्मिणी आणि सुभद्रा नणंद-भावजयांसारख्या बोलतात. अशा साधेपणास परीक्षक सहसा पहिला क्रमांक देत नाहींत. परंतु आज जवळजवळ दीडशें वर्षांनीं एखादी हौशी मंडळी जुनें संगीत नाटक हातीं घेते, तेव्हां तिची निवड पुष्कळदां ‘सौभद्रा’वरच पडते.

ह्याहूनही बोधप्रद अशी तुलना पुढील पिढींत सांपडते. किर्लोस्कर मंडळीनेंच १८९६ सालीं श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचें ‘वीरतनय’ आणि १८९९ सालीं गोविंद बल्लाळ देवलांचें ‘शारदा’ रंगभूमीवर आणलें. कोल्हटकरांची बुद्धि तल्लख, विनोद चमकदार, कथानक कल्पित व गुंतागुंतीचें; आणि पदांना पारशी व उर्दू रंगभूमीच्या वळणाच्या नव्या चाली. श्रोते ह्या नवलाईनें दिपून गेले. देवलांनीं उलट मार्ग धरला. वृद्ध भुजंगनाथास कोवळी मुलगी देऊं निघालेला लोभी बाप कांचनभट, आणि आपल्या लग्नाविषयीं ज्यास एक शब्दही बोलतां येत नाहीं असा मुलीचा जीव, एवढ्याच भांडवलावर त्यांनीं नाटक उभारलें. त्यांचीं पदें संभाषणासारखीं सोपीं आहेत. शारदा तीं गाते तेव्हां ती गात आहे हें क्षणभर विसरावयास होतें. नवेपणाच्या कसोटीवर ‘वीरतनय’ पुढें जाईल. टिकाऊपणाच्या कसोटीवर ‘शारदे’ची बरोबरी तें करूं शकत नाहीं. तथापि कोल्हटकरांवर अन्याय होतां कामा नये. त्यांच्या नाटकांचे प्रयोग मागें पडले, परंतु चालींच्या बाबतींत बाहेरचें वारें आंत घेण्याचें जें धैर्य त्यांनीं दाखविलें, त्यावांचून पुढील नाट्यसंगीत इतकें ऐसपैस झालें नसतें. कांहीं नाटकें स्वतः जगतात, तर कांहीं दुसऱ्यांस जगण्याची वाट करून देतात. आणि ह्या दुसऱ्या प्रकारच्या पुण्याईची नोंद पारितोषिकांच्या कोणत्याही यादींत होत नाहीं.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें ‘मानापमान’ १९११ सालच्या १२ मार्च रोजीं मुंबईस आलें. गोविंदराव टेंबे यांनीं दिलेल्या चालींमुळें नाट्यपदाला रागदारीचें व ठुमरीचें नवें अंग मिळालें. १९१३ सालीं बालगंधर्व, गणेशराव बोडस व टेंबे यांनीं किर्लोस्कर मंडळींतून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. तिनें १९१६ सालीं आणलेल्या ‘स्वयंवरा’स भास्करबुवा बखल्यांचें संगीत लाभलें. तिकडे केशवराव भोसल्यांनीं १९०८ सालींच ललितकलादर्श मंडळी स्थापिली होती, आणि १९१८ सालीं दीनानाथ मंगेशकरांची बळवंत संगीत मंडळी उभी राहिली. गंधर्वांचा गोड व लडिवाळ आलाप श्रेष्ठ, कीं केशवरावांची तेजस्वी व चढी तान श्रेष्ठ, ह्या वादांत महाराष्ट्रांतील श्रोत्यांचे सरळ दोन तट पडले.

हा वाद मिटविण्याची संधि १९२१ सालच्या ८ जुलै रोजीं आली. टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ मुंबईच्या बालीवाला थिएटरांत ‘संयुक्त मानापमाना’चा प्रयोग झाला. गंधर्व भामिनी झाले व केशवराव धैर्यधर झाले. उंची तिकिटाचा दर शंभर रुपये होता. त्या काळीं ही रक्कम केवढी, हें सांगण्याची आवश्यकता नाहीं. दोन प्रतिस्पर्धी मंडळींचे धनी एकाच रंगमंचावर समोरासमोर उभे राहिले असतां आज निकाल लागणारच, अशा अपेक्षेनें कित्येक श्रोते गेले असतील. निकाल लागला नाहीं, आणि लागला नाहीं ह्यांतच त्या रात्रीची थोरवी आहे. एकाच्या सुरानें दुसऱ्याचा सूर उजळला, आणि उत्पन्न देशकार्यास गेलें. पुढें तीन महिन्यांच्या आंत, ४ ऑक्टोबर रोजीं, केशवराव निवर्तले. त्यांचें वय अवघें एकतीस वर्षांचें होतें. तुलनेचा प्रश्न कायमचा अनिर्णित राहिला. आणि मराठी रंगभूमीवरील सर्वांत मोठी चढाओढ म्हणून जी आठवली जाते, तींत कोणीही हरला नाहीं.

पुढें बोलपट आला. १९३२ सालच्या ‘अयोध्येचा राजा’नंतर संगीत ऐकावयास नाटकमंडळीची वाट पाहण्याची गरज उरली नाहीं. मोठ्या मंडळ्या कर्जांत बुडाल्या. १९३५ सालीं स्वतः बालगंधर्व ‘धर्मात्मा’ बोलपटांत उतरले. त्यांस संगीत नाटक अकादमीचें पारितोषिक १९५५ सालीं मिळालें, म्हणजे त्यांच्या पहिल्या भामिनीनंतर चव्वेचाळीस वर्षांनीं. तोंपर्यंत जनतेनें आपला कौल केव्हांच दिला होता. सरकारी मोहोर तेवढी मागाहून उठली.

१९५४ सालीं सुरू झालेल्या राज्य नाट्यस्पर्धेनें चढाओढीचें स्वरूप बदललें. पुढें संगीत नाटकांसाठीं निराळी स्पर्धाही होऊं लागली. तिचे उपकार मोठे आहेत. जिल्ह्याच्या गांवीं नोकरी सांभाळून तालीम करणाऱ्या हौशी मंडळींना तिनें रंगमंच दिला, आणि व्यावसायिक मंडळ्या ओस पडल्या असतां जुन्या पदांचा अभ्यास जागता ठेवला. परंतु तिच्यामुळें एक नवी अडचणही उभी राहिली. स्पर्धेचें नाटक पुष्कळदां एका रात्रीसाठीं व थोड्या परीक्षकांसाठीं बसविलें जातें. निकाल लागला कीं पेटी-तबला आवरला जातो. पारितोषिक मिळाल्यावर ज्याचा प्रवास सुरू व्हावयाचा, त्याचा प्रवास तेथेंच संपतो.

ह्याच्या उलट गोष्ट १९६० ते १९६७ ह्या आठ वर्षांत घडली. विद्याधर गोखल्यांचीं ‘पंडितराज जगन्नाथ’ (१९६०) व ‘मंदारमाला’ (१९६३), वसंत कानेटकरांचें ‘मत्स्यगंधा’ (१९६४), आणि पुरुषोत्तम दारव्हेकरांचें ‘कट्यार काळजांत घुसली’ (१९६७) हीं चार नाटकें एकामागून एक आलीं. ‘मंदारमालें’त राम मराठे यांची जोरकस गायकी होती, ‘मत्स्यगंधा’ व ‘कट्यार’ यांस जितेंद्र अभिषेकींनीं नव्या पिढीला मानवेल असें सुटसुटीत संगीत दिलें. ह्यांत श्रेष्ठ कोणतें, ह्याविषयीं मतभेद होतील. आम्ही ‘कट्यारी’च्या बाजूनें मत देऊं, कारण तिच्यांत आमच्या ह्या लेखाचाच विषय आहे. दरबारी गायनाच्या चढाओढींतून मिळालेल्या मानानें त्या नाटकांतील खांसाहेबांस शांति लाभत नाहीं. पंडितजींची गायकी त्यांच्या काळजांत सलत राहते. वसंतराव देशपांड्यांनीं ती वेदना गाऊन दाखविली. पुढें २०१५ सालीं ह्या नाटकाचा चित्रपट निघाला, आणि त्यांतील एका नव्या गीताबद्दल महेश काळे यांस गायनाचें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. जुन्या पदांस पारितोषिकाची जरुरी नव्हती. तीं आधींच लोकांच्या तोंडीं बसलीं होतीं, आणि म्हणूनच चित्रपट निघाला.

ह्या सर्व इतिहासावरून पारितोषिकें व्यर्थ आहेत असें अनुमान कोणीं काढूं नये. आजच्या काळांत नवें संगीत नाटक बसविणें म्हणजे खर्चाचा, श्रमाचा व धाडसाचा व्यवहार आहे. अशा वेळीं पाठीवर पडलेली शाबासकीची थाप मोलाची असते. आमचें म्हणणें एवढेंच, कीं पारितोषिक ही नाटकाच्या प्रवासाची शिदोरी असावी. तिलाच मुक्काम समजूं नये. पहिल्या आलेल्या संगीत नाटकानें करमाळा, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर अशा गांवीं निदान दहा प्रयोग करावे, आणि त्या प्रवासाचा खर्च पारितोषिकाच्या रकमेंतच धरावा, अशी एखादी अट घालतां आली तर दोन्ही कौलांची सांगड बसेल. परीक्षक त्या सालापुरतें आपलें मत देतील, आणि पुढचें मत गांवोगांवचे श्रोते देतील.

केमसारख्या गांवाच्या वाट्याला नाटकमंडळीचा मोठा मुक्काम येणें पूर्वींही कठीणच होतें. तरी पदें येथवर आलीं. कोणी सोलापुरास नाटक पाहून तीं मनांत घेऊन आला, कांहीं ध्वनिमुद्रिकेंतून आलीं, कांहीं आकाशवाणीवरून आलीं. कोणत्या नाटकाला कोणतें पदक मिळालें हें त्या श्रोत्यांनीं विचारलें नाहीं, परंतु कोणतें पद पुन्हा म्हणावयाचें हें त्यांनीं अचूक ठरविलें. नवें संगीत नाटक लिहिणारानें आणि त्यास चाली लावणारानें परीक्षकांच्या खुर्च्यांकडे अवश्य पाहावें. पण आपलें पद गाडीच्या कोणत्या स्थानकापर्यंत पोहोंचेल, हा प्रश्नही स्वतःस विचारावा.