शेवाळावरचे लोखंड: एका उताऱ्याची कुळकथा

खाऱ्या पाण्याच्या प्रवाळ-टँकमध्ये फॉस्फेट वाढले की शेवाळ माजते. आधी काचेवर हिरवट साय धरते, मग खडकांवर केसाळ झुबके उगवतात आणि प्रवाळांच्या फांद्या त्यात बुडू लागतात. यावर शौकीन मंडळी सर्रास वापरतात तो उपाय म्हणजे ‘जीएफओ’: लोहाच्या ऑक्साइडचे किंवा हायड्रॉक्साइडचे, गंजाच्या रंगाचे दाणे. उभ्या नळकांड्यात, म्हणजे रिअ‍ॅक्टरमध्ये, ते भरतात आणि खालून पंपाने पाणी सोडतात. वरच्या थरातले दाणे मंद आधणासारखे हलत राहिले की प्रवाह बरोबर आहे असे समजतात. पाण्यातले फॉस्फेट दाण्यांना चिकटते आणि शेवाळाचा खुराक तुटतो. हे दाणे मत्स्यालयासाठी जन्मलेले नाहीत. ते पिण्याच्या पाण्यातला आर्सेनिक, म्हणजे सोमलातला विषारी घटक, काढण्यासाठी घडवले गेले. आणि त्यांचे कूळ शोधत मागे गेले की १८३४ सालच्या एका विषावरच्या उताऱ्यापाशी पोचता येते.

टँकमध्ये हे दाणे येण्याआधीचे टप्पे परिचित आहेत. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी जिवंत खडक आणि सूर्यप्रकाश यांवर टँक चालवण्याची रीत १९६१ मध्ये जगापुढे मांडली. जर्मनांनी फेसाबरोबर घाण बाहेर काढणारा स्किमर रूढ केला, पीटर विल्केन्स यांनी चुन्याच्या निवळीचा पुरस्कार केला, तर स्मिथसोनियनच्या वॉल्टर एडी यांनी शेवाळ वेगळ्या जाळीवर मुद्दाम वाढवून खरवडून टाकण्याची युक्ती काढली. गोगलगायी, समुद्री साळी आणि टँग मासे चरण्याचे काम करतातच. १९८३ मध्ये कॅरिबियन समुद्रात डायाडेमा जातीच्या साळी साथीने मेल्या आणि कित्येक प्रवाळभित्ती शेवाळाखाली गेल्या. चरणाऱ्यांचे मोल यापेक्षा ठळकपणे कोणी सिद्ध केलेले नाही.

दाण्यांच्या कुळाचा मुख्य धागा मात्र जर्मनीतल्या गॉटिंगेनचा. पुढे ज्यांच्या नावाने प्रयोगशाळेतला बर्नर ओळखला जाऊ लागला त्या रॉबर्ट बुन्सेन यांनी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, आर्नोल्ड बेर्टहोल्ड या वैद्यकशास्त्रज्ञासह १८३४ मध्ये एक शोध प्रसिद्ध केला: ताज्या साक्याच्या रूपातले लोहाचे हायड्रॉक्साइड हा सोमलावरचा उतारा आहे. लोहाच्या क्षाराच्या द्रावणात अमोनिया घातला की तपकिरी, बुळबुळीत साका बसतो. हा साका पोटात गेला की विष त्याला घट्ट धरून बसते आणि रक्तात उतरत नाही. (बेर्टहोल्ड यांचे नाव आज वेगळ्याच कारणाने घेतले जाते: कोंबड्यांवरच्या त्यांच्या १८४९ च्या प्रयोगांनी हार्मोनच्या विज्ञानाची पायाभरणी केली.) उतारा औषधकोशांत शिरला. अमेरिकन कोशात तो मॅग्नेशियासह बनवायचा असे. औषधविक्रेत्याने लोहाचे द्रावण आणि मॅग्नेशिया वेगवेगळे ठेवायचे आणि गरज पडली की त्याच क्षणी मिसळायचे. साका शिळा झाला, वाळला, की त्याचे कण एकमेकांत गुंततात, पृष्ठभाग घटतो आणि पकड सैल होते.

‘ताजे हवे’ ही अट पुढच्या साऱ्या कथेची किल्ली आहे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात आर्सेनिक पुन्हा चर्चेत आले ते विहिरींमुळे. १९८३ च्या सुमारास कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांनी पश्चिम बंगालच्या रुग्णांच्या कातडीवरचे डाग कूपनलिकांच्या पाण्याशी जोडले. १९९३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ५० मायक्रोग्रॅमवरून १० वर आणली. त्याच दशकात बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात मार्टिन येकेल आणि वोल्फगांग ड्रीहाउस यांच्या गटाने लोहाच्या हायड्रॉक्साइडचे असे दाणे बनवले, जे फिल्टरच्या टाकीत भरून ठेवता येतात. त्यांचा या दाण्यांवरचा निबंध १९९८ चा. दाणे ओले ठेवलेले असत, वजनाचा जवळजवळ निम्मा भाग पाणीच. त्यामुळे छिद्रे मिटत नाहीत आणि एका ग्रॅममध्ये २५० चौरस मीटरहून जास्त पृष्ठभाग शिल्लक राहतो. औषधविक्रेत्याला जो साका ऐनवेळी ढवळावा लागे, त्याचा ताजेपणा इथे दाण्यात कोंडला गेला. बर्लिनचे हे दाणे पश्चिम बंगालच्या हातपंपांवरही पोचले.

मग ते शेवाळावर कसे आले? आवर्तसारणीत फॉस्फरसच्या बरोबर खाली आर्सेनिक आहे. फॉस्फेट आणि आर्सेनेट या दोन्ही आयनांचा घाट एकच: मधला अणू आणि त्याभोवती ऑक्सिजनचे चार. लोखंडी पृष्ठभागाला दोघे सारखेच वाटतात. म्हणून पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांना फॉस्फेट ही कटकट होती. भूजलात ते असले की दाण्यांवरच्या जागा तेच अडवते आणि आर्सेनिकसाठी फिल्टर लवकर निकामी होतो. हा दोष टँकवाल्यांनी गुण म्हणून उचलला. जर्मनीत पाण्याचे रसायन जाणणारे आणि घरी प्रवाळ पाळणारे बहुधा एकाच वर्तुळात वावरत असावेत. नाहीतर एका क्षेत्रातली अडचण इतक्या झटपट दुसऱ्यात औषध होत नाही. २००४ मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ रँडी होम्स-फार्ली यांनी या दाण्यांचे रसायन शौकिनांसाठी सविस्तर मांडले, तोवर ते दुकानांत आलेले होते.

या सारखेपणाने इतरही फसतात. फॉस्फेट मोजण्याच्या किटमधला निळा रंग मॉलिब्डेनमच्या अभिक्रियेतून येतो, आणि आर्सेनेटही तोच निळा रंग देते. खुद्द शेवाळही फसते. समुद्रात आर्सेनेट लिटरला एक-दोन मायक्रोग्रॅम असते; फॉस्फेट आत घेण्याच्या दारातूनच ते शेवाळाच्या पेशीत शिरते. पेशी मग या विषाला शर्करेला जोडून निरुपद्रवी करते. अशी आर्सेनो-शर्करा १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियन केल्पमधून वेगळी काढण्यात आली.

या वंशावळीवर दोन आक्षेप येतात. बुन्सेनचे विष आर्सेनाइट होते, आर्सेनेट नव्हे, म्हणजे फॉस्फेटचा जुळा भाऊ तिथे नव्हताच. आक्षेप खरा, पण लोहाचे हायड्रॉक्साइड दोघांनाही धरते. गॉटिंगेनमध्ये सापडलेला गुण हा पृष्ठभागाचा होता. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: दाण्यांचे खरे मूळ सांडपाण्यात शोधावे. १९७३ पासून कॅनडात डेव्हिड शिंडलर यांनी एक तळे पडद्याने दुभागून फॉस्फरस घातलेली बाजूच हिरवी होते हे दाखवले, आणि सांडपाणी केंद्रांत लोहाचे क्षार ओतून फॉस्फेट बसवण्याची पद्धत प्रचलित होतीच. परंतु ते ओतायचे द्रावण असते आणि तळाशी गाळ सोडते. टँकमध्ये हवा तो न विरघळणारा, बदलता येणारा दाण्यांचा थर, आणि तो आला पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरमधून. सांडपाणी हे या दाण्यांचे आजोळ म्हणता येईल, कूळ नव्हे. ओतण्याच्या घराण्याचा वारस वेगळा आहे: जलतरण तलावांतून आलेले लँथॅनम क्लोराइड. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे पांढरे दाणेही बाजारात होते. त्यांतून अ‍ॅल्युमिनियम झिरपून लेदर कोरल आक्रसतात, या तक्रारीने ते मागे पडले.

लोखंड तर समुद्री वनस्पतींचे खाद्य, मग त्याने शेवाळ वाढणार नाही का, ही शंका रास्त आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मनांबरोबर २००९ मध्ये केलेल्या लोहाफेक्स मोहिमेत दक्षिण अटलांटिकच्या सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात लोहाचे क्षार मिसळले, तेव्हा सूक्ष्म वनस्पती वाढल्या होत्या. पण त्या पाण्यात सिलिकेट अपुरे असल्याने ते लागणाऱ्या डायटम या सूक्ष्म वनस्पती फोफावल्या नाहीत, आणि जे वाढले ते कोपेपॉड या सूक्ष्म प्राण्यांनी फस्त केले. टँकच्या ८.२ च्या आसपासच्या सामूत हायड्रॉक्साइडमधून लोह जेमतेम सुटते; मुळात टँकमध्ये तुटवडा लोहाचा नसतो, तो फॉस्फेटचा पाडायचा असतो.

वापरताना दाणे आधी गोड्या पाण्यात धुऊन तांबडी धूळ काढतात, नाहीतर टँक गढूळ होतो. सुरुवात शिफारशीच्या निम्म्या मात्रेने करणे शहाणपणाचे. फॉस्फेट एकाएकी घसरले तर प्रवाळांच्या टोकांचे मांस गळते. शून्यावर नेले तर बऱ्याचदा शेवाळाच्या जागी तपकिरी, चिकट डायनोफ्लॅजेलेट येतात, आणि ते आवरणे अधिक कठीण. लिटरला ०.०३ मिलिग्रॅमच्या आसपास बहुतेक जण थांबतात. खडकांत मुरलेले फॉस्फेट पाण्यात परत उतरत राहते, म्हणून पहिले दाणे लवकर भरतात आणि नंतरचे जास्त टिकतात. भरलेले दाणे कॉस्टिक सोड्याने धुऊन पुन्हा वापरता येतात. बहुतेक जण मात्र ते फेकून नवे घालतात, कारण सोडा हाताळणे धोक्याचे आणि धुतलेल्या दाण्यांची पकड पहिल्याइतकी राहत नाही.