शर्करेचा विजय आणि मधुमेह

संस्कृत ‘शर्करा’ शब्दाचा मूळ अर्थ खडी, वाळूचे कण. उंसाच्या रसापासून दाणेदार साखर करण्याची विद्या भरतखंडांत सिद्ध झाली, आणि तिच्याबरोबर हा शब्दही फारशी व अरबी भाषांतून फिरत युरोपांत पोंचला. जगाला ही गोडी शिकविल्याचा अभिमान आपण बाळगतों तो यथार्थच आहे. परंतु त्या गोडीपासून सावध राहण्याचा इशाराही आपल्याच पूर्वजांनीं लिहून ठेविला आहे, याची आठवण मात्र क्वचितच होते.

मुंबईहून मचव्यानें येऊन बोरघाटाची वाट धरणाऱ्या प्रवाशांचें जुनें बंदर म्हणजे पनवेल. येथें १८७२ मध्यें वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं श्रीधूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना काढला. अशा औषधांना ज्या प्राचीन संहितांचा आधार, त्यांतील प्रमेहाचें प्रकरण उघडून पाहावें. बैठें सुख, झोपेचें सुख, दहीं, नवें धान्य आणि गुळाचे पदार्थ यांची गणना चरकानें प्रमेहाच्या कारणांत केली आहे. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धांवतात, हें त्याचें पूर्वचिन्ह. सुश्रुत दोन भेद करतो : एक जन्मजात, दुसरा कुपथ्यानें झालेला, पहिल्याचा रोगी कृश, दुसऱ्याचा स्थूल. निर्धन रोग्यानें पादत्राण व छत्री टाकून, भिक्षेवर राहून, शंभर योजनें चालावें, असा त्याचा उपदेश आहे. उपाय कठोर खरा. पण बेतानें खा व चाला, हें आजच्या डॉक्टरांचें सांगणें त्यांत बीजरूपानें आहेच.

मग नवें काय झालें? नवें झालें तें प्रमाण. सामान्य घरांत साखर ही प्रसंगाची वस्तु होती : साखरपुडा, पाडव्याची गांठी. एरव्हीं पाहुण्यापुढें गूळपाणी येई. पुढें मॉरिशसची पांढरीशुभ्र ‘मोरस’ साखर आली. चहानें तिला रोजच्या पेल्यांत स्थान दिलें. १९३२ च्या कायद्यानें देशी साखरधंद्यास जकातीचें संरक्षण मिळालें. नंतर विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेच्या कांठीं शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा राहिला आणि १९५० च्या सुमारास त्याचीं चाकें फिरूं लागलीं. अशा कारखान्यांनीं ग्रामीण महाराष्ट्राला शाळा, दवाखाने व प्रतिष्ठा दिली. तें ऋण नाकारणें कृतघ्नपणाचें होईल.

परंतु कारखान्याचें यश हा आहाराचा नियम नव्हे. साखरेचा अर्धा भाग जें फ्रुक्टोज, त्याचा निकाल मुख्यतः यकृत लावतें, आणि अतिरेक झाला कीं त्याची चरबी बनते. पेयांतून गेलेल्या साखरेनें भूक भागत नाहीं. वजन मात्र वाढतें, दांत किडतात. मधुमेहाचें साखर हें एकमेव कारण नव्हे, हें खरें. तरी तिचा वांटा थोडा नाहीं. ब्रिटनमधील महायुद्धकालीन साखरेचें रेशनिंग १९५३ मध्यें उठलें. त्याच्या आगेंमागें जन्मलेल्यांची तुलना २०२४ मध्यें प्रसिद्ध झाली. गर्भावस्था व पहिलीं वर्षें रेशनिंगमध्यें गेलेल्यांत पुढें मधुमेहाचें प्रमाण सुमारें ३५ टक्क्यांनीं कमी आढळलें. आपल्या देशांत मधुमेह्यांची संख्या दहा कोटींवर गेल्याचा अंदाज २०२३ मध्यें प्रसिद्ध झाला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ मध्यें सुचविलेली उत्तम मर्यादा दिवसाला सुमारें २५ ग्रॅमची, म्हणजे सहा लहान चमच्यांची आहे. शीतपेयाची एक बाटली ती एकटीच ओलांडूं शकते. गुळाकडे वळून सुटका होईल असेंही नाहीं. चरकानें तर गुळाचेंच नांव घेतलें आहे. शेतकऱ्याचें काय होईल, ही शंका रास्त आहे. पण आतां उंसापासून इंधनासाठीं इथेनॉलही होतें, आणि त्याचा संसार केवळ आमच्या मुलांच्या पेल्यावर टांगलेला नाहीं.

साखर कोणाची शत्रु नव्हे. सणाची ही पाहुणी घराची मालकीण होऊन बसली, एवढाच तिचा अपराध. आणि तिला त्या जागीं बसविणारे आपणच आहों. तिला पुन्हां सणाला बोलवावी, आणि रोजच्या चहांतला एक चमचा आजच कमी करावा.