रोहिणीविस्फार, मेंदूतील (रोहिणी-नीला विकृतीसह)

केशवाहिन्या वगळून रोहिणी थेट नीलेला जोडली गेलेल्या मेंदूत रोहिणीच्या भिंतीला येणारा फुगवटा. केशवाहिन्यांचा अडसर नसल्याने रक्त वेगाने धावते. विकृतीला रक्त पुरवणारी रोहिणी रुंदावते आणि तिच्या फाट्यावर, जिथे धार भिंतीवर सतत आदळते, तिथे पातळ भिंतीचा फुगा धरतो (पहा : रक्ताभिसरण). सर्वसाधारण लोकांत अशा फुग्यांचे प्रमाण सु. 3%, विकृती असलेल्यांत सु. 10 ते 20%. हा योगायोग म्हणता येत नाही, कारण विकृती बुजवल्यावर तिच्या लगतचे काही फुगे आपोआप आक्रसतात. काही फुगे मात्र विकृतीला रक्त न पुरवणाऱ्या रोहिणीवर असतात, हा आक्षेप रास्त आहे. त्यातून प्रवाहाचे कारण खोटे ठरत नाही. रक्तदाब, धूम्रपान व भिंतीचा मूळचा दुबळेपणाही सोबत असतात, एवढेच ठरते.

न फुटलेल्या विकृतीबाबतच्या अरुबा चाचणीत (2014) केवळ औषधोपचार सरस ठरले. तो निष्कर्ष रक्तस्राव झालेल्या रुग्णाला लावणे चूक. तिथे आधी काय फुटले, विकृती की फुगा, हे रोहिणीचित्रणाने (मोनिश यांनी 1927 मध्ये आणलेले तंत्र) ठरवून फुटलेली जागा प्रथम बंद करावी लागते. ही सोय सर्वत्र नसते; उदा., तळेरे (सिंधुदुर्ग) येथून त्यासाठी करूळ घाटाने कोल्हापूर किंवा महामार्गाने बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय गाठावे लागते. म्हणून अचानक उठलेली असह्य डोकेदुखी, उलटी, ताठरलेली मान ही लक्षणे पित्तावर ढकलून रात्र काढणे घातक आहे (पहा : पक्षाघात, मेंदू).